कॉलऱ्याच्या साथीत ४४ पोरं मदतीला बाहेर पडली, कारण त्यांचा 'डॉन' त्यांच्यासोबत होता

डॉन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पिक्चरमधला बच्चन येतो, नाहीतर शाहरुख.

पण मुंबईत माटुंग्याला उतरून डॉन बॉस्को कुठंय असं विचारलं, तर लोक एका शाळेचा आणि तिच्याजवळच्या मोठ्या चर्चचा रस्ता दाखवतात. लोणावळ्यात, पणजीतही या नावाच्या संस्था आहेत. हजारो पोरांच्या युनिफॉर्मवर हे नाव असतं, पण हा डॉन नेमका कोण होता हे त्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

तर आधी नावाचा उलगडा. इटलीत चर्चच्या फादरला मानानं डॉन म्हणायची पद्धत आहे. या फादरचं नाव होतं जोव्हानी बॉस्को.

आज चर्चमधल्या टीनएजर पोरापोरींची सुट्टीत शिबिरं लागतात. डोंगरात मुक्काम, खेळ, गाणी, प्रार्थना, मग एखाद्या वस्तीत जाऊन सेवेचं काम. यात कोणाला काही नवल वाटत नाही. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी असाच उद्योग करणाऱ्या डॉन बॉस्कोंना वेड्यांच्या इस्पितळात पाठवायची तयारी झाली होती.

ही गोष्ट त्यांचीच.

१६ ऑगस्ट १८१५. वॉटर्लूच्या लढाईला दोन महिनेही झाले नव्हते. इटली नावाचा एक देश तेव्हा नकाशावर नव्हता. उत्तरेकडच्या पिडमाँट भागात बेक्की नावाची छोटी वाडी होती. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरात जोव्हानी जन्माला आला.

पोरगं दोन वर्षांचंही नव्हतं, तेव्हा वडील न्यूमोनियानं गेले. घरात आई मार्गरिता, म्हातारी आजी, सावत्र मोठा भाऊ अंतोनियो, सख्खा भाऊ ज्युसेप्पे आणि हा. शेती बेताची आणि त्यात दुष्काळ. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं पोरांना कामाची आणि प्रार्थनेची सवय लावली.

जोव्हानी नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला एक स्वप्न पडलं. मैदानात पोरं भांडतायत, शिव्या देतायत आणि हा त्यांना बुक्क्या मारून गप्प करायला धावतोय. तेवढ्यात एक तेजस्वी पुरुष त्याला थांबवतो आणि सांगतो की ही पोरं माराने नाही, मायेनं जिंकायची आहेत. हे स्वप्न त्यानं आयुष्यभर जपलं.

आता गावातल्या पोरांना चर्चच्या गोष्टी सांगायच्या तर ती एका जागी बसणार कशी? जोव्हानीनं यावर डोकं लावलं. जत्रेत डोंबारी खेळ करायचे, ते तो टक लावून बघायचा आणि घरी येऊन पडत-झडत शिकायचा. मग दोन झाडांना दोर बांधून त्यावर चालायचा, हातावर उभा राहायचा, जादूचे प्रयोग करायचा. खेळ फुकट होता, पण एक अट होती. आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची आणि रविवारी फादरनी चर्चमध्ये काय सांगितलं ते ऐकून घ्यायचं.

मजा आणि भक्ती एकाच मैदानात नांदू शकते, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

घरात मात्र तणातणी सुरू झाली. शेतकऱ्याच्या पोराला पुस्तकं कशाला, असं अंतोनियोचं म्हणणं. वाद इतका वाढला की १८२८ च्या कडक थंडीत आईनं साडेबारा वर्षांच्या जोव्हानीला दुसऱ्याच्या शेतावर कामाला पाठवलं. मोल्या नावाच्या कुटुंबाकडं तो गडी म्हणून जवळपास दोन वर्षं राबला.

पुढं १८३१ मध्ये तो कियेरी गावच्या शाळेत गेला. वय १६ आणि वर्गात सगळी लहान पोरं. राहण्या-खाण्याचा खर्च भागवायला तो शिंप्याकडं शिलाई शिकला, कॅफेत काम केलं, मिठाया बनवल्या. हे सगळं पुढं कामाला येणार होतं.

याच कियेरीत त्यानं मित्रांचा एक ग्रुप काढला. नाव ठेवलं आनंद मंडळ. नियम मोजकेच होते. ख्रिस्ती माणसाला शोभणार नाही असं काही करायचं नाही, आपला अभ्यास आणि धर्माची कर्तव्यं चुकवायची नाहीत आणि तोंड पाडून बसायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ही गँग टेकड्यांवर भटकायला जायची. चर्चनं नेमून दिलेला मोठा माणूस वगैरे कोणी नव्हता. पोरांचं मंडळ पोरंच चालवत होती.

५ जून १८४१ ला जोव्हानी फादर झाला आणि लोक त्यांना डॉन बॉस्को म्हणू लागले.

ते तोरिनो शहरात आले. आपण त्याला तुरिन म्हणतो. शहर झपाट्यानं वाढत होतं, बांधकामं निघत होती, कारखाने उभे राहत होते. आजूबाजूच्या खेड्यांतून १२-१५ वर्षांची पोरं कामाच्या शोधात येत होती. विटा वाहायच्या, चुना कालवायचा, रात्री मिळेल तिथं झोपायचं. त्यांच्यामागं घर नाही, शाळा नाही आणि त्यांची भाषा बोलणारा फादरही नाही.

डॉन बॉस्को आपले गुरू फादर काफास्सो यांच्यासोबत तुरुंगात जायचे. तिथं अशी पोरं मोठ्या गुन्हेगारांसोबत कोंडलेली दिसायची. काही जण सुटायचे आणि थोड्याच दिवसांत परत आत यायचे. बाहेर त्यांची वाट बघणारं कोणीच नाही, हे त्याचं कारण डॉन बॉस्कोंच्या लक्षात आलं.

मग आला ८ डिसेंबर १८४१ चा दिवस. चर्चमागच्या खोलीत डॉन बॉस्को मिस्साची तयारी करत होते. थंडीनं कुडकुडणारा एक पोरगा आत शिरला. चर्चच्या सेवकानं त्याला मिस्साच्या वेळी मदत करायला सांगितलं. पोराला ते येत नव्हतं, तर सेवकानं काठी घेऊन त्याला हाकलून लावलं. डॉन बॉस्कोंनी सेवकाला झापलं आणि पोराला परत बोलवायला लावलं.

त्याचं नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय १६, आई-बाप नाहीत, काम गवंड्याच्या हाताखाली. वाचता येत नाही, गाता येत नाही. शिट्टी तरी वाजवता येते का, असं विचारल्यावर मात्र पोरगं हसलं. तिथून दोघांची गट्टी जमली. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला.

त्यातून ऑरेटरी सुरू झाली. म्हणजे काय, तर रविवारी आणि सणाला पोरांनी जमायचं, प्रार्थना करायची, धडे घ्यायचे आणि अंधार पडेपर्यंत धुडगूस घालायचा.

पोरांची संख्या शेकड्यांत गेली आणि इथूनच कटकटी सुरू झाल्या. गोंगाटामुळं कुठलीच जागा टिकेना. कधी स्मशानाजवळचं चर्च, कधी पिठाच्या गिरण्यांजवळची जागा, कधी भाड्याच्या खोल्या, कधी उघडं शेत. प्रत्येक ठिकाणाहून हकालपट्टी झाली. शहराचा कारभार बघणाऱ्या मार्क्विस काव्हूर यांना वेगळीच शंका होती. एवढी कामगार पोरं एका फादरच्या शब्दावर हलतात, म्हणजे उद्या दंगा झाला तर? त्यांनी पाळतीवर शिपाई बसवले.

ओळखीच्या फादर लोकांनाही वाटू लागलं की या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. कारण हातात फुटकी कवडी नसताना ते उद्या मोठं अंगण असेल, वर्कशॉप असतील, शाळा असेल, असं सांगत फिरायचे. असं सांगतात की दोन फादर बग्गी घेऊन आले आणि फिरायला चला म्हणून आग्रह करू लागले. बेत होता थेट वेड्यांच्या इस्पितळात न्यायचा. डॉन बॉस्कोंनी ते ओळखलं. त्यांनी मानानं त्या दोघांना आधी बसवलं, बाहेरून दार लावलं आणि गाडीवानाला निघायला सांगितलं. दोघं थेट इस्पितळात पोचले.

अखेर १२ एप्रिल १८४६ ला, ईस्टरच्या रविवारी, वाल्डोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक शेड भाड्यानं मिळाली. शेड इतकी बुटकी होती की आत नीट उभं राहता यावं म्हणून जमीन खणावी लागली. पण डोक्यावर छप्पर आलं.

त्याच जुलैत डॉन बॉस्को मरणाच्या दारात गेले. छातीचा आजार बळावला, डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा दिवसभर विटा वाहणाऱ्या पोरांनी पाळी लावून चर्चमध्ये प्रार्थना केली, उपास धरले. डॉन बॉस्को वाचले. आपलं उरलेलं आयुष्य या पोरांचंच आहे, असं त्यांनी मनाशी धरलं.

नोव्हेंबरात ते गावाहून परतले, ते ५८ वर्षांच्या आईला सोबत घेऊनच. मार्गरितानं घर-शेत सोडलं, लग्नातला पोशाख आणि दागिने मोडले आणि ती या अनाथ पोरांची आई झाली. सुरुवातीला रात्री आसरा दिलेली पोरं सकाळी चादरी-घोंगड्या घेऊन पळाली. तरी १८४७ मध्ये भर पावसात एक अनाथ पोरगा दारात आला, तेव्हा माय-लेकांनी त्यालाही आत घेतलं. वसतिगृहाची सुरुवात तिथून झाली.

डॉन बॉस्को फक्त प्रार्थनेवर थांबले नाहीत. पोरं ज्या मालकांकडं कामाला होती, त्यांच्याशी त्यांनी लेखी करार केले. १८५२ चा एका सुताराच्या हाताखालच्या पोराचा करार आजही जपलेला आहे. मालकानं मारायचं नाही, चूक झाली तर शब्दानं सांगायचं, कामच शिकवायचं, सुट्टी द्यायची, अशा त्यातल्या अटी. बालकामगार कायदे वगैरे शब्द ऐकूही येत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. पुढं वाल्डोक्कोतच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी आणि सुतारकामाची वर्कशॉप निघाली.

आता येऊया सुट्टीतल्या शिबिरांकडं.

तेव्हा तिथल्या शाळांना मोठी सुट्टी असायची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत. सुट्टीत शहरात रिकामी राहिली तर पोरं वाया जातील, हे डॉन बॉस्कोंना दिसत होतं. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जपमाळेच्या सणासाठी ते काही पोरांना घेऊन बेक्कीला आपल्या भावाच्या घरी जायचे. शहरातली धुरकट पोरं द्राक्षाच्या मळ्यात हुंदडायची आणि गवताच्या माळ्यावर झोपायची.

हळूहळू या मुक्कामाची पदयात्रा झाली. मोनफेर्रातोच्या टेकड्यांमधून पोरं गावोगाव चालत जायची. पुढं त्यांचा बँड वाजत असायचा. गावात शिरले की बँड ऐकून सगळं गाव गोळा व्हायचं. सकाळी मिस्सा आणि प्रार्थना, संध्याकाळी चौकात स्टेज बांधून गाणी आणि विनोदी नाटकं. जेवण गावकरी आणि गावचे फादर द्यायचे. १८६४ ची यात्रा सगळ्यात मोठी झाली. जवळपास १०० पोरं जेनोव्हा या बंदराच्या शहरापर्यंत जाऊन आली. पुढं संख्या झेपेना म्हणून या यात्रा बंद झाल्या.

यात धर्माचा भाग कुठं होता? तर सगळीकडंच. बँड वाजवणारा, सामान उचलणारा, नाटकात विदूषक होणारा आणि सकाळी प्रार्थना सांगणारा, ही सगळी पोरंच होती. धर्म म्हणजे रविवारी गप्प बसून ऐकायची गोष्ट, ही समजूत रस्त्यावर चालता चालता गळून पडायची.

पण हिंडणं आणि गाणं वेगळं, जिवावरचं काम वेगळं. त्याची परीक्षा १८५४ मध्ये झाली.

त्या वर्षी २६ जानेवारीच्या रात्री डॉन बॉस्कोंनी चार तरुणांना आपल्या खोलीत बोलावलं होतं. देवाच्या मदतीनं दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष काहीतरी काम करून बघू, असं ठरलं. त्यांना नाव मिळालं सलेशियन, संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्यावरून. या चौघांत होते १६ वर्षांचे दोन जण, मिकेले रुआ आणि जोव्हानी काल्येरो.

जुलैच्या शेवटी तोरिनोत कॉलरा शिरला. वाल्डोक्कोच्या शेजारचा बोर्गो डोरा हा गरिबांचा भाग सगळ्यात जास्त पोळला. शहरात सुमारे अडीच हजार लोकांना लागण झाली आणि १४०० च्या आसपास माणसं मेली. पैसेवाले शहर सोडून गेले. घरच्यांनीच टाकून दिलेले रुग्ण खोल्यांमध्ये पडून होते. सरकारनं तात्पुरती इस्पितळं उघडली, पण पेशंटला हात लावायला माणसं मिळेनात. रोग कशानं पसरतो हेच कोणाला नीट कळत नव्हतं. दूषित पाण्याचा संबंध डॉ. जॉन स्नो लंडनमध्ये दाखवून देत होते, तेही याच वर्षी.

५ ऑगस्टला डॉन बॉस्कोंनी पोरांना जमवलं. त्यांनी कोणाला हुकूम केला नाही, परिस्थिती सांगितली आणि कोण येणार असं विचारलं. सोबत एक शब्दही दिला. देवावर भरवसा ठेवा, पापापासून दूर राहा, तुमच्यातल्या कोणालाही काही होणार नाही.

लगेच १४ पोरं उभी राहिली. थोड्याच दिवसांत आणखी ३० आली. एकूण झाले ४४. रुआ आणि काल्येरोही त्यात होते.

पोरांच्या तीन तुकड्या केल्या. एक तुकडी इस्पितळांत आणि घरांत पूर्णवेळ सेवेला, दुसरी गल्ल्या फिरून नवे रुग्ण शोधायला आणि तिसरी बोलावणं आलं की धावायला वाल्डोक्कोत तयार. प्रत्येकाजवळ व्हिनेगरची बाटली असायची. पेशंटला हात लावला की त्यानं हात धुवायचे, हा सक्त नियम. डॉन बॉस्को स्वतः पोरांबरोबर फिरत होते.

पोरं पेशंटचे कपडे बदलत होती, त्यांना स्ट्रेचरवर घालून नेत होती. चादरी कमी पडल्या की धावत मार्गरिताकडं यायची. घरातलं कापड संपलं, तेव्हा तिनं चर्चच्या वेदीवरची वस्त्रंही काढून दिली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत साथ ओसरली. त्या ४४ जणांपैकी एकालाही कॉलरा झाला नाही.

काल्येरो मात्र त्याच काळात विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण तो वाचला.

आजच्या नजरेनं बघितलं तर अंगावर काटा येतो. १५-१६ वर्षांच्या पोरांना कॉलऱ्याच्या वॉर्डात कोण पाठवेल? आणि काही होणार नाही असा शब्द कोणी कशाच्या जोरावर द्यावा? एखादं पोर दगावलं असतं, तर डॉन बॉस्कोंना तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते स्वतः याला देवाची कृपा मानत राहिले. हात धुवायच्या नियमाचाही वाटा असेल असं आज कोणी म्हणू शकतं. पण एवढं खरं, की सुरक्षित जागी बसून त्यांनी पोरांना पुढं ढकललं नव्हतं.

आणि पोरांचं काय झालं? आदल्या वर्षापर्यंत ज्यांना शहर उनाड म्हणत होतं, त्यांचीच आता दारोदार वाट बघितली जाऊ लागली.

साथ सरत असतानाच १२ वर्षांचा दोमिनिक साव्हियो वाल्डोक्कोत आला. त्याला संत व्हायचं होतं, म्हणून हा पोरगा उपासतापास, अंगाला त्रास देणं असले प्रकार करू लागला. डॉन बॉस्कोंनी त्याला अडवलं. आनंदी राहा, अभ्यास-प्रार्थना नीट कर आणि बाकीच्या पोरांच्या उपयोगी पड, एवढं पुरे आहे असं समजावलं. १८५६ मध्ये दोमिनिकनं मित्रांना घेऊन एक मंडळ काढलं. नव्यानं आलेल्या, एकट्या पडलेल्या किंवा वांड पोरांना सांभाळून घ्यायचं, हे मंडळाचं काम. पुढच्याच वर्षी आजारपणात दोमिनिक गेला. वय होतं १४. चर्चनं १९५४ मध्ये त्याला संत म्हणून जाहीर केलं.

विश्वास टाकायचा म्हणजे किती, याचा अजून एक किस्सा सलेशियन लोक सांगतात. १८५५ मध्ये डॉन बॉस्को जेनेराला या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात प्रवचनं द्यायला गेले होते. तिथल्या ३०० वर पोरांना एक दिवस सहलीला नेऊ द्या, अशी त्यांनी मंत्र्यांकडं मागणी केली, तीही एकही शिपाई सोबत न घेता. मंत्री राताझ्झींनी परवानगी दिली. पोरं दिवसभर स्तुपिनिजीच्या मोकळ्या रानात खेळली. संध्याकाळी मोजणी झाली, तेव्हा एकही पोरगा कमी नव्हता.

१८ डिसेंबर १८५९ ला डॉन बॉस्कोंच्या खोलीत १८ जण जमले आणि सलेशियन संस्थेची रीतसर स्थापना झाली. यातले बहुतेक जण विशी-बाविशीतले, याच अंगणात खेळून मोठे झालेले. मुलींसाठी असंच काम करायला १८७२ मध्ये मारिया माझ्झारेल्लो यांच्यासोबत सिस्टर्सची संस्था निघाली. १८७५ मध्ये पहिली तुकडी समुद्रापार अर्जेंटिनाला गेली. तिचा प्रमुख होता काल्येरो, तोच विषमज्वरातून वाचलेला. पुढं तो कार्डिनल झाला.

३१ जानेवारी १८८८ ला डॉन बॉस्को गेले. संस्थेची धुरा आली मिकेले रुआंकडं, कॉलऱ्याच्या गल्ल्या पालथ्या घातलेल्या दुसऱ्या पोराकडं. त्यांच्याच काळात, १९०६ मध्ये, सलेशियन भारतात तंजावरला पोचले. नंतर ते मुंबईत आले आणि माटुंग्याची शाळा उभी राहिली. १९३४ मध्ये चर्चनं डॉन बॉस्कोंना संत घोषित केलं.

आजही सुट्टीतल्या शिबिरांवरून घराघरात वाद होतात. पोरं तिथं नुसती मजा करतात, धर्म कुठं शिकतात, असं काही मोठ्यांना वाटतं. सेवेच्या कामाला पाठवायचं म्हटलं की पोर अजून लहान आहे, असं उत्तर येतं. डॉन बॉस्कोंनी पोरांना आधी खेळायला जागा दिली, मग हातात खरं काम दिलं आणि त्या कामात स्वतः बरोबर उभे राहिले.

त्यांचा हिशोब साधा होता. पोरांचा देवावर विश्वास बसावा असं वाटत असेल, तर आधी कोणीतरी पोरांवर विश्वास ठेवावा लागतो.